माडीवरची उलटी अक्षरं

अण्णा फौजेबरोबर समुद्रापलीकडच्या त्या बेटावर गेला आणि त्यानंतर दोनेक महिन्यांनी अरुळदास आमच्या माडीवर राहायला आले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, पण आमच्या घरात आणि गल्लीत तो आपोआप जोडला गेला. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ मुकुंद, नवा लेफ्टनंट. जयनगरातल्या आमच्या घराला बाहेरून जिना होता, वर एक खोली आणि पुढे गच्ची. खोली अण्णाची. तो गेल्यावर ती बंद राहिली तर आई रोज वर जाऊन रडत बसेल, असं अप्पांना वाटलं आणि त्यांनी भाडेकरू शोधला. कचेरीतल्या कुणीतरी नाव सुचवलं. एकटा माणूस, पन्नाशीचा, चिकपेटेतल्या छापखान्यात उदबत्तीच्या खोक्यांवरची लेबलं कोरतो, दारू-बिडी नाही. अप्पांनी एवढंच विचारलं. तो मूळचा कोलारकडच्या सोन्याच्या खाणीतल्या वस्तीतला आणि घरची भाषा तमिळ, हे तो सामान घेऊन आला त्या दिवशी कळलं. तोवर आईनं हातात कुंकवाची कोयरी घेतली होती.

आमचं घराणं बेंगळुरात इतकी वर्षं आहे की पहिला पुरुष कुणाच्या सैन्यातून आला यावरही चुलत्यांमध्ये एकमत नाही. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. भावाला अण्णा, बहिणीला अक्का, आणि आईच्या दर तिसऱ्या वाक्यात ‘बरं’च्या जागी ‘सरी’ नाहीतर ‘जरा’च्या जागी ‘स्वल्प’. मराठी शब्द बोलताबोलता कन्नड कधी होतो हे आम्हाला कळत नसे. तमिळ शेजारीही आजूबाजूला होतेच. आईला लोणच्याची कृती एका तमिळ बाईनंच दिली होती. पण त्या वर्षी रेडिओवर रोज त्या बेटाच्या बातम्या, तिथे तमिळ बोलणारे बंडखोर, आणि आमचा अण्णा तिथे शांतता राखायला गेलेला. लोणच्याची कृती देणाऱ्या बाईंकडेही आई हळूहळू जाईनाशी झाली. कुणी काही ठरवलं नव्हतं.

थंडीचे दिवस होते, अवरेकाळूचा हंगाम. कडव्या वालांसारख्या या शेंगा, पण वास निराळा, तेलकट, मातीचा. त्या वासाला इकडे सोगडू म्हणतात आणि तो बोटांना आठवडाभर चिकटून राहतो. संध्याकाळी आई भिजवलेल्या दाण्यांची परात पुढे घेऊन बसे. एकेक दाणा बोटांत धरून दाबला की साल मागे राही आणि डाळ टुपकन भांड्यात पडे. मी प्री-युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होते. पुस्तक मांडीवर, हात परातीत. आणि त्याच वेळी वरून आवाज सुरू होई. कर्र, कर्र, मग थांबे, मग एक हलकी फुंकर. अरुळदास चारला छापखान्यातून येत आणि साडेचार ते दिवेलागणीपर्यंत हा आवाज चाले.

“दिवसभर कोरून आल्यावर पुन्हा काय कोरतो हा माणूस?” आई छताकडे बघून म्हणायची.

“लेबलं असतील,” अप्पा म्हणायचे.

“लेबलं घरी आणायला छापखानेवाला देईल?”

यावर अप्पा पेपर वर करत. पण पेपराआड त्यांचेही कान तिकडेच आहेत, हे मला कळत होतं.

अण्णाची पत्रं येत. मधल्या काही ओळींवर काळी शाई फिरवलेली असे. उरलेलं सगळं सारखंच: मी मजेत आहे, इथे पाऊस आहे, आईनं काळजी करू नये. एकदा आई पत्र दोनदा वाचून म्हणाली, “हे त्यानं कुणाच्या तरी समोर बसून लिहिलंय.” अप्पा चिडले. मीही ते पत्र उजेडाकडे धरून काळ्या ओळींखाली काही दिसतं का पाहिलं. दिसलं नाही. मग आम्ही रेडिओवरही विश्वास ठेवेनासे झालो. बातम्यांत ‘किरकोळ चकमक’ म्हटलं की आई उठून स्वयंपाकघरात जायची.

अरुळदास मात्र रोज जिना चढताना मला हाक मारत, “ऊट आय्ता, पद्दम्मा?” जेवण झालं का, एवढाच अर्थ. आमच्या गावात भेटलेला प्रत्येक माणूस प्रत्येकाला हे विचारतो आणि उत्तराची वाट पाहत नाही. ते मात्र पायरीवर थांबून उत्तर ऐकून घेत. हेसुद्धा मला खटकायला लागलं. आम्ही कधी जेवतो हे याला कशाला हवं?

खटकणाऱ्या गोष्टी मग वाढतच गेल्या. ते खोलीला कुलूप लावत नसत. लपवायचं नसेल तर लोक कुलूप लावतात, लपवायचं असलं की उघडं ठेवून साळसूदपणा दाखवतात, असा माझा त्या वयातला तर्क. त्यांना पत्र येत नसे. रविवारी चर्चला जाताना हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी असे. समोर राहणारे शेषगिरीराव पोलीस खात्यातून निवृत्त झालेले, अप्पांचे फिरायला जायचे सोबती. ते एकदा फाटकाशी उभं राहून अप्पांना कन्नडमध्ये म्हणाले, “राव, तुमचा मुलगा तिकडे आणि हा इकडे. स्वल्प नजर ठेवा.” त्या दिवसापासून आईनं वर सार पाठवणं बंद केलं.

एका शनिवारी दुपारी गच्चीवर वाळत घातलेले संडगे उचलायला मी वर गेले. अरुळदास कामावर होते, दार नुसतं लोटलेलं. मी आत गेले. दार वाऱ्यानं उघडलं, असं मी पुढे अनेक वर्षं सांगत आले. वारा नव्हता. मी ढकललं.

अण्णाची खोली ओळखू येत नव्हती. रॉकेलचा, शाईचा आणि ओल्या लाकडाचा वास. खिडकीखाली टेबल, त्यावर पटाश्या मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं मांडलेल्या. कोपऱ्यात पत्र्याची ट्रंक. आणि टेबलाच्या मधोमध पाटाएवढा लाकडी ठोकळा, शाईनं काळा झालेला. मी वाकून पाहिलं. कोरलेल्या रेषांतून आधी एक टोप दिसला, सैनिकाचा, लोखंडी. मग टोपाखाली कवटी. मग तसेच आणखी टोप, काहींखाली चेहरे, काहींखाली कवट्या. मध्ये एक उंच सांगाडा, हातात लांब दांडा धरून उभा. आणि खाली दोन ओळींत अक्षरं. गोल गोल, वळणदार, पण कन्नड नव्हेत, तमिळ तर नव्हेतच. मला एकही वाचता येईना.

माझ्या डोळ्यांपुढे अण्णाचा फोटो आला, तोच लोखंडी टोप घातलेला. मी खाली पळाले, रसायनशास्त्राच्या वहीचं मागचं पान फाडलं, पेन्सिल घेतली आणि परत वर आले. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उमटतो, तो खेळ आम्ही सगळेच खेळायचो. तसंच त्या ठोकळ्यावर पान ठेवून घासलं.  संडगे गच्चीवरच राहिले.

अप्पांना तो कागद दाखवताना मी काय म्हणाले ते नेमकं आठवत नाही. त्यांनी विचारलं म्हणून मी दाखवला, की मी स्वतःहून त्यांच्यापुढे ठेवला? आईनं पुढे कधीतरी सांगितलं, “तूच म्हणालीस, शेषगिरीमामांना दाखवा.” असेल. मला तेवढं वगळून बाकी सगळं आठवतं, यातच काय ते आलं.

शेषगिरीरावांनी चष्मा वर केला, खाली केला. “ही त्या बेटावरची लिपी,” ते म्हणाले. “सिंहळी. अशीच गोल असते.” सिंहळी लिहिणारे तर त्या बंडखोरांचे शत्रू, हे आमच्या तिघांपैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही. “आणि हा हातात काय धरलाय, पाहिलंत? खांद्यावरून डागायची नळी आहे ही.” अप्पांनी घसा खाकरला. त्यांना तो कागद परत हवा होता असं मला वाटलं. पण शेषगिरीरावांनी तो घडी करून खिशात घातला होता.

रविवारी सकाळी साध्या कपड्यांतले दोन पोलीस आले. अरुळदास नुकतेच कामाला बसले असावेत, त्यांच्या बाहीवर शाई होती. पोलिसांनी ट्रंक घेतली, कागदांच्या सुरळ्या घेतल्या, भिंतीवरचं कॅलेंडरही घेतलं. ठोकळा एकानं उचलून पाहिला, टकटक वाजवला आणि लाकूड म्हणून ठेवून दिला. जिन्यावरून उतरताना अरुळदासांनी आमच्या दाराकडे पाहिलं. अप्पा आत होते. मी आणि आई पडद्याआड. ते कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले, “शाईचा डबा उघडा राहिलाय. झाकण लावा, नाहीतर वाळेल.”

गल्लीतली दारं एकेक करून बंद झाली. त्या दिवशी आमच्याकडे अवरेकाळूची उसळ होती आणि ती कुणीच खाल्ली नाही.

आजकाल आमच्या महादेवपुऱ्यातल्या इमारतीत सगळ्यांच्या फोनचा एक गट आहे. मधूनमधून त्यावर कुणाचा तरी फोटो येतो: बाराव्या मजल्यावरचा नवा भाडेकरू, ‘सस्पिशियस वाटतो, प्लीज चेक करा’. खाली पटापट अंगठे उमटतात. नागपूरहून आलेली शेजारची ऋतुजा मला म्हणते, “काकू, तुम्ही कधीच रिप्लाय का नाही करत?” मी चष्मा सापडत नाही म्हणून सांगते.

त्या रविवारी दुपारी शाईच्या डब्याचं झाकण लावायला मी वर गेले. काय वाटून गेले, भीतीनं की अपराधानं, सांगता येत नाही. संशय तर होताच. खरं सांगायचं तर मला आणखी पुरावा हवा होता. शाईचा रूळ ओला होता, तसाच काचेवर पडलेला. पोरवयाची बुद्धी, मी तो ठोकळ्यावर फिरवला, कोरा कागद ठेवला आणि टेबलावरच्या चमच्याच्या पाठीनं दाबून घासत राहिले. कागद एका कोपऱ्यानं सोलून काढला. अक्षरं सुलटी झाली होती.

कन्नड होती. स्वच्छ, पाठ्यपुस्तकातल्यासारखी. ‘ऊट आय्ता? सगळे आले का?’

 सांगाड्याच्या हातातली नळी म्हणजे डाव होता, पंगतीत भात वाढायचा लांब दांड्याचा डाव. शेजारी मोठा हंडा. मृत्यूनं कमरेला आचाऱ्याचं फडकं बांधलं होतं. समोर ताटं घेऊन लागलेली रांग, तिच्यात सैनिक, आणि पेन्सिलीच्या छापात मला जे दिसलेच नव्हते ते अनवाणी गावकरी, एक बाई, तिच्या कडेवर मूल. सगळे एकाच रांगेत. आणि वाढणारा चेहरा पुढे काढून, अगदी मायेनं, पुढच्या माणसाला विचारत होता.

मी तो ओला कागद खाली नेला. अप्पांनी एक नजर टाकली आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

“कन्नड असलं म्हणून काय झालं? शिपायांच्या टोपांखाली कवट्या! माझा मुलगा तिकडे आहे आणि हा त्याच्या मरणाचं चित्र काढतो, माझ्याच घरात?”

“तो तुमच्या मुलाचं कशाला काढेल?” आई म्हणाली.

“मग कुणाचं?”

आईनं कागद ओट्यावर ठेवला, हात पुसले आणि खूप वेळ पाहिलं. मग म्हणाली, “या तोंडावर हसू नाही. वाढताना माणसं कमी आहेत हे कळलं की बाईचं तोंड असं होतं.” तिनं पदर खोचला आणि ती एकटी बाहेर पडली. अप्पांशिवाय रस्ता न ओलांडणारी आई. मी मागे धावले. शेषगिरीराव व्हरांड्यात कॉफी पीत होते. आईनं तो कागद त्यांच्यापुढे धरला, शाई तिच्या बोटांना लागली होती.

“वाचा,” ती कन्नडमध्ये म्हणाली. “तुमचीच भाषा आहे ना?”

त्यांनी वाचलं. मोठ्यानं वाचलं, आणि वाचून झाल्यावर कॉफीचा पेला कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना.

तरी अरुळदास परत यायला तिसरा दिवस उजाडला. ट्रंकेत तळाशी त्यांचं फौजेतून सुटल्याचं पुस्तक सापडलं होतं. आधीच्या एका लढाईत ते पलटणीचे आचारी होते. ही बातमी शेषगिरीरावांनीच येऊन सांगितली, जरा घुश्शातच: “आधी सांगायला नको का यानं?”  त्या संध्याकाळी अप्पांनी रेडिओ लावला नाही.

मी दुसऱ्या दिवशी वर गेले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. अरुळदास ट्रंकेत सुरळ्या परत लावत होते. एका गालावर, डोळ्याच्या खाली, निळसर डाग होता. तो आधी होता की नव्हता, मी आजही खात्रीनं सांगू शकत नाही आणि तेव्हा विचारण्याची माझी हिंमत झाली नाही. मी तोंड उघडायच्या आधी त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. माझाच पेन्सिलीचा छाप. पोलिसांनी तो त्यांच्यापुढे ठेवून तीन दिवस प्रश्न विचारले होते. कोपऱ्यात माझ्या अक्षरात माझं नाव होतं. प्रत्येक पानावर नाव लिहायची मला खोड होती.

“दाब कमी पडलाय, पद्दम्मा,” ते म्हणाले. “इथे बघ, बाईचं मूल आलंच नाही.”

मी रडायला लागले. त्यांनी समजूत घातली नाही. शांतपणे पटाशी पुसत बसले. रडं ओसरल्यावर मी विचारलं, “फौजेत होता, ते का नाही सांगितलं?”

“सांगितलं की लोक विचारतात, किती मारले? मी भात शिजवत होतो.” मग म्हणाले, “एकदा संध्याकाळी ऐंशी जणांचा शिजवला. वाढायला उभा राहिलो. तीस आले. मी वेड्यासारखा विचारत राहिलो, सगळे आले का, सगळे आले का? सुभेदार म्हणाले, वाढ तू. उरलेला भात गावातल्या लोकांना दिला. त्यांच्यातलेही सगळे आले नव्हते.” त्यांनी ठोकळ्यावरच्या सांगाड्याकडे बोट केलं. “हा मी. लोक म्हणतात मृत्यू काढलाय. माझी उंची एवढीच आहे, बघ.”

अप्पांनी त्यांना राहा म्हटलं, दोनदा म्हटलं. महिना संपताच ते बोम्मसंद्र्याला भाच्याकडे निघून गेले. तेवढ्या तीन आठवड्यांत मी रोज साडेचारला वर जाऊन बसले, पटाशी धरायला शिकले, डाव्या अंगठ्याला दोनदा लागलं. त्यांनी मला माफ केलं असं मी धरून चालले होते. आता तसं वाटत नाही. ते शिकवत होते एवढंच खरं. तो ठोकळा ते घेऊन गेले, मी छापलेला कागद मात्र मागितला नाही.

उन्हाळ्यात अण्णा सुट्टीवर आला. काळा पडला होता, जेवताना दाराकडे तोंड करून बसायचा. आईनं ताट वाढलं की आधी सगळ्यांकडे बघायचा. चौथ्या की पाचव्या दिवशी तो आपल्या खोलीत गेला. मी ते चित्र तिथल्या भिंतीवर लावलं होतं, काढायचं राहून गेलं होतं. मी जिन्यात होते. त्यानं आतून हाक मारली, “पद्दू, हे कुणी केलं?”

आवाज असा होता की मी घाबरले. “आपले भाडेकरू होते, त्यांनी.”

“तो तिकडे होता?”

“नाही. आधीच्या लढाईत. का?”

“मग याला कसं माहीत? मी पत्रात लिहिलं होतं का काही? त्या काळ्या ओळी तुम्ही कुणाकडून वाचून घेतल्यात?” तो माझ्याकडे असं बघत होता की मी त्याची बहीण नाहीच. मी त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. दार ढकललं तिथपासून. नळी, सिंहळी, ट्रंक, तीन दिवस, गालावरचा डाग. हे सगळं मी पहिल्यांदाच कुणाला तरी सलग सांगत होते. तो शिवी देईल, निदान ओरडेल, अशी माझी अपेक्षा होती, आणि मला ते हवंही होतं.

तो खाटेच्या कडेवर पुढे सरकून बसला. मग म्हणाला, “आमच्या चौकीवर एक बाई असाच कागद घेऊन आली होती. शेजारच्या घरात सापडला म्हणून. त्यांची भाषा मला येत नव्हती. मी तो पुढे दिला. संध्याकाळी तिथल्याच, पण बंडखोरांच्या विरोधात आमच्या बाजूनं असलेल्या दुसऱ्या टोळीची माणसं त्या घरी गेली. त्या घरातला माणूस शाळेत शिकवायचा. मला नंतर कुणीतरी सांगितलं, कागदावर गणितं होती.”

“मग?”

अण्णानं चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तुमचा निदान तिसऱ्या दिवशी परत आला, पद्दू,” तो म्हणाला.

खालून आईनं दोन हाका मारल्या. आम्ही दोघंही उठलो नाही.